ओहोटीची कवायत

सकाळी सव्वासहाला स्वॉन्सीच्या किनाऱ्यावर
अजून उजाडायचं असतं.
आम्ही अकराजण, पैकी नऊ आधीच दमलेले,
गेथिनच्या गाडीच्या डिकीतून बंड्या काढून घालतो.
नवख्यांना निळी, सरावलेल्यांना तांबडी.
हिरवी कोणाला, ते अजून कोणाला कळलेलं नाही.
माझी निळीच. तिसरं वर्ष.

गेथिन प्रोबर्ट बावीस वर्षं फौजेत होता.
आता नगरपालिकेच्या बागा राखतो
आणि मंगळवारी, शुक्रवारी आम्हाला.
त्याला हळू बोलता येत नाही.
"वाळू आहे ती, मेरेरिड, गादी नव्हे!"
मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर
गिऱ्हाइकांना म्हणते, खालची ओळ वाचा बरं, घाई नाही.
शाळा सुटल्यापासून माझ्यावर
कोणी असं ओरडलेलं नाही.
खरं सांगू?
बरं वाटतं.
हुकूम आम्ही उसना घेतो, तासाला सहा पौंड देऊन,
आणि आठ वाजता
ज्याचा त्याला परत करतो.

ऑल्विन पोस्टमन होता.
पोटरीवर कुत्र्याच्या दातांची जुनी मोहोर,
अजूनही पळताना फाटकांकडे बघत पळतो.
नसरा येते इस्पितळातली रात्रपाळी संपवून.
एकदा कोपरांवर अंग तोलून धरायच्या व्यायामात
ती तशीच झोपली, पाठ सरळ,
आणि गेथिननं घड्याळ थांबवून सांगितलं,
बघा, याला म्हणतात शिस्त.

वाळूच्या गोण्या उचलायच्या. ओंडका खांद्यावर घ्यायचा, सहाजणांनी मिळून,
बुटका असेल त्याचं नशीब चांगलं.
मग एकमेकांना पाठुंगळी घेऊन पाण्यापर्यंत.
ऑल्विन माझ्या पाठीवर कण्हत म्हणतो,
मी पत्रं वाहिली आयुष्यभर,
आज मीच पाकीट झालो.

आणि नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी
वरच्या रस्त्यावर भंगाराच्या ट्रकमधून
एक लोखंडी पत्रा पडला.

गेथिन खाली होता.
कसा गेला ते दिसलंच नाही,
उभा होता, आणि मग गाल वाळूत, हात डोक्यावर.
आणि आम्ही? आम्हाला सवय.
तो खाली, की आपण खाली.
अकराच्या अकरा धाडकन पालथे,
कोणी शंख टोचला म्हणून शिवीसुद्धा हासडली,
आणि वाट बघू लागलो पुढच्या हुकमाची.

हुकूम आला नाही.

वाळूच्या उंचीवरून माणूस वेगळा दिसतो.
त्याचे डोळे उघडे होते,
समोर समुद्र होता,
पण बघत होता ते पाणी नव्हतं.
पाठ अशी थरथरत होती जशी
गाडी बंद केल्यावर बॉनेट.
नसरा कोपरांवर सरपटत गेली, त्यानंच शिकवलं तशी,
हात लावला नाही.
बाजारात भेटल्यासारखं म्हणाली,
आज शुक्रवार, गेथिन. ओहोटी आहे.
सात वाजायला दहा कमी.

मग कुठूनतरी ऑल्विनचा आवाज,
चिरका, गावठी वेल्शमधला:
ईन. दाय. त्री.
आणि त्यानं जोर काढायला घेतले.
आम्हीही घेतले. काय करणार?
उठून उभं राहणं बरं दिसलं नसतं.
पेडवार. पिम्प.
माझ्याकडून एरवी सहा होतात.
त्या दिवशी मोजले नाहीत.
बाराव्याला की तेराव्याला
शेजारी एक मोठं शरीर वर उठलं,
खाली गेलं, वर उठलं.

विसाव्यानंतर तो गुडघ्यांवर बसला,
तोंडातली वाळू थुंकला.
"वीस कोणी सांगितले होते?"
कोणीच नव्हते सांगितले.
"मग अजून पाच," तो म्हणाला, जवळजवळ हळू.

त्याविषयी कोणी बोललं नाही.
मंगळवारी डिकीत त्याच बंड्या, तोच ओला वास,
तेच ओरडणं.

फक्त त्या शुक्रवारी दुपारी, दुकानात,
एका म्हाताऱ्याच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवताना
माझ्या बाहीतून वाळू गळाली त्याच्या कॉलरवर.
त्यानं विचारलं, समुद्रावर गेला होतात?
मी म्हटलं, हो.
आणि त्याला खालची ओळ
दोनदा वाचू दिली.